वैनगंगेच्या खोऱ्यातील पहिली माणसे

गोंदिया जिल्ह्याच्या जमिनीखाली महाराष्ट्रातील अत्यंत पुरातन खडक आहेत. आमगावच्या नावाने भूशास्त्रात नोंदला गेलेला पट्टिताश्म, दरेकसा-सालेकसाच्या डोंगरांतला रायोलाइट आणि या खडकांना छेदून गेलेल्या गारगोटीच्या शिरा यांचे वय दोन अब्ज वर्षांच्याही मागे जाते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि वऱ्हाड ज्या काळ्या बेसाल्टवर वसले आहेत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पूर्वेकडे येता येता तो नागपूरच्या आसपास संपतो. प्रागितिहासात ही सीमा फार मोलाची आहे. धातू हाती येण्यापूर्वी माणसाचे प्रत्येक टिकाऊ हत्यार दगडाचे होते आणि कोणता दगड कसा फुटतो यावर हत्याराचा आकार, त्याची धार आणि पुष्कळदा मुक्कामाची जागाही ठरत असे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत नाले आटतात, चुलबंद, गाढवी, पांगोली यांसारख्या नद्यांचे प्रवाह क्षीण होतात आणि उन्हाळ्यात पाणी उरते ते वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या डोहांत, डोंगराच्या कुशीतल्या झऱ्यांत. पावसाळ्यात पाण्याची कमी नाही आणि उन्हाळ्यात थेंबाची मारामार, अशा मुलखात जगायचे तर पाण्यामागे चालावे तरी लागते किंवा पाणी अडवावे तरी लागते. या खोऱ्यातील माणसाने लाखो वर्षे पहिला मार्ग धरला आणि दुसरा अगदी अलीकडे.

भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात १८६३ साली झाली. त्या वर्षी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला चेन्नईजवळच्या पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले. त्याच परिसरातील अत्तिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडींचा काळ आता सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा ठरला आहे. आजच्या माणसाची जात, म्हणजे होमो सेपियन्स, आफ्रिकेत दिसू लागली ती सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी. तेव्हा भारतातील पहिली हत्यारे घडवणारे हात आपल्या जातीचे नव्हते, त्याआधी आफ्रिकेबाहेर पडलेल्या एखाद्या मानवजातीचे होते. त्यांची हाडे भारतात जवळजवळ मिळतच नाहीत. अपवाद आहे तो नर्मदाकाठच्या हथनोरा या गावचा. १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना तेथे नदीच्या जुन्या गाळात मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. ती कवटी होमो इरेक्टसची की त्यानंतरच्या एखाद्या जातीची, यावर तज्ज्ञांचे मत अजून एक झालेले नाही.

हथनोरा गोंदियापासून दूर असले तरी या दोन खोऱ्यांमध्ये फक्त सातपुडा आहे. वैनगंगा उगम पावते ती सातपुड्याच्या पठारावर, शिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावाजवळ. तेथून ती बालाघाट आणि गोंदियाच्या सीमेने खाली येते, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली ओलांडते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. नर्मदेच्या खोऱ्यातून दख्खनच्या पूर्व भागात आणि पुढे आंध्रच्या किनाऱ्याकडे उतरायला याहून सोपी वाट नाही. आदिमानवाच्या प्रसाराचे नकाशे मोठ्या बाणांनी रंगवलेले असतात आणि त्यामुळे एक टोळी निघाली आणि दुसऱ्या टोकाला पोचली असे वाटते. प्रत्यक्षात एका पिढीत एखादा गट पुढच्या डोहापर्यंत सरकला, त्याच्या नातवंडांनी त्यापुढचा नाला गाठला, दुष्काळ आला की मागे फिरले, इतकाच हा प्रवास होता. नदीकाठ हा त्याचा कणा होता, कारण तेथे पाणी, जनावर आणि नदीने घासून आणलेले गोटे असे तिन्ही एकाच ठिकाणी मिळत.

महाराष्ट्रात पुराश्मयुगाचा पुरावा सर्वाधिक सापडला तो पश्चिमेकडे. नाशिकजवळचे गंगापूर, प्रवरेकाठचे नेवासे, त्याशेजारचे चिरकी, जुन्नर तालुक्यातील बोरी आणि बारामतीजवळचे मोरगाव ही नावे प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतात. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या शिष्यांनी नद्यांचे काठ पायी पालथे घातले म्हणून ती नावे पुढे आली. पूर्व विदर्भात तसे पायपीट करणारे अभ्यासक कमी आले, जंगल दाट, रस्ते तोकडे; त्यामुळे नकाशावर ठिपके कमी दिसतात. ठिपके कमी म्हणजे माणसे कमी, असा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. चंद्रपूर शहरालगतची पापामिया टेकडी पुराश्मयुगीन हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे आणि ती याच नदीव्यवस्थेत मोडते.

तरीही एक फरक खरा असावा. हातकुऱ्हाड वापरणाऱ्या लोकांची ठिकाणे भारतभर मोकळ्या माळावर, विरळ झाडीत, नद्यांच्या कडेला अधिक मिळतात. कोकण आणि सह्याद्रीच्या घनदाट, ओल्या रानात ती विरळ आहेत. वीतभर लांबीची जड कुऱ्हाड मारलेल्या जनावराचे मांस कापायला, हाडे फोडायला आणि कंद उकरायला चांगली, पण दाट झाडीत चपळ जनावरामागे धावायला ती निरुपयोगी. झाडीपट्टी म्हणून आज ओळखला जाणारा प्रदेश तेव्हाही कायम झाडीचा राहिला असे मात्र मानता येत नाही. हिमयुगांच्या काळात मोसमी पाऊस घटे, जंगल विरळ होई, गवत वाढे, आणि मग या भागात मोठ्या गवतखाऊ जनावरांच्या मागोमाग माणूसही शिरत असे. पाऊस वाढला की रान मिटे आणि माणूस कडेला सरके. लाखो वर्षांत ही भरती-ओहोटी अनेकदा झाली.

हत्यारांचा दगड येथे वेगळा होता. चिरकी-नेवाशाच्या लोकांना बेसाल्ट आणि डोलेराइट वापरावा लागला. वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात क्वार्ट्झाइट, गारगोटी आणि बारीक पोताचा रायोलाइट हाताशी होता. क्वार्ट्झाइटचा गोटा फोडला तर त्याचा मोठा, धारदार छिलका निघतो. गारगोटी मात्र मनासारखी फुटत नाही, ती कुठेही तडकते. त्यामुळे गारगोटीची हत्यारे लहान आणि ओबडधोबड दिसतात, आणि त्यांवरून त्यांच्या कर्त्यांना अकुशल ठरवण्याची चूक पूर्वी पुष्कळदा झाली. त्या दगडातून उपयोगी धार काढणे हेच कौशल्याचे काम होते.

पुढच्या टप्प्यात हातकुऱ्हाडी मागे पडल्या. आधी गाभा तयार करून घ्यायचा आणि मग त्यातून हवा तसा छिलका काढायचा, ही रीत आली. महाराष्ट्रात या काळाची हत्यारे नेवाशाला चांगली सापडली म्हणून त्या हत्यारांना काही काळ नेवाशाचेच नाव होते. अत्तिरमपक्कमला हा बदल सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी झालेला दिसतो. छिलक्याला दांडा बांधता येतो आणि दांडा बांधला की भाला होतो. जनावराच्या अंगाशी जाऊन भिडण्याऐवजी अंतर राखता येऊ लागले.

आजच्या माणसाची जात भारतात नेमकी केव्हा आली, हा वाद अजून चालू आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा महास्फोट झाला आणि त्याची राख भारतभर पसरली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे त्या राखेच्या थराखालीही दगडी हत्यारे मिळतात आणि वरही, आणि दोन्हींत फार फरक नाही. मध्य प्रदेशात शोण नदीच्या खोऱ्यातील ढाबा येथेही त्या काळात हत्यारांची परंपरा तुटलेली दिसत नाही. म्हणजे त्या वेळी येथे जे कोणी होते ते स्फोटानंतरही टिकले. ते सेपियन्स होते की आधीचे, हे हाडांशिवाय सांगता येणार नाही. बोरीच्या राखेचा थर याच स्फोटाचा की त्याहून जुना, यावरूनही महाराष्ट्रातील अभ्यासक अनेक वर्षे एकमेकांशी भांडले आहेत. एकंदरीत ७० ते ५० हजार वर्षांपूर्वीच्या काळात आफ्रिकेतून निघालेल्या लोकांचा मोठा लोंढा दक्षिण आशियात पसरला आणि आजच्या भारतीयांच्या आनुवंशिक वारशातील एक मोठा वाटा त्या लोकांचा आहे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

या लोकांनी सोबत आणलेली किंवा येथे घडवलेली मोठी युक्ती म्हणजे सूक्ष्मास्त्रे: नखाएवढी, धारदार पाती. नर्मदा खोऱ्यातील मेहताखेडी येथे ती सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीची आहेत. अशी पाती राळ किंवा डिंकाने लाकडी दांड्यात, हाडात, बाणाच्या टोकाला ओळीने बसवत. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. दगडाचा एक लहान तुकडा बरोबर ठेवला की कित्येक दिवसांची हत्यारे होत, त्यामुळे चांगल्या दगडाच्या खाणीपासून दूर जाण्याची मुभा मिळाली. नदीचा काठ सोडून डोंगरात आणि दाट रानात जाणे माणसाला जमले ते येथून पुढे. अकीक आणि कार्नेलियनसारखे दगड बेसाल्टच्या प्रदेशात मिळतात. गारगोटी पूर्वेकडे मुबलक. दोन्हींच्या सरहद्दीवरच्या लोकांना निवड होती.

मग हवामान पुन्हा बिघडले. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग शिगेला पोचले तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता आणि मोसमी पाऊस दुबळा पडला होता. त्याआधीच्या कोरड्या काळाची साक्ष जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे आहे. शां. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेल्या रेघोट्या मिळाल्या. त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा रखरखीत माळरानाचा पक्षी. तो खानदेशात हिंडत होता तर पूर्वेकडच्या झाडीतही मोकळी जागा वाढलेली असणार. अशा काळात वैनगंगेचे बारमाही डोह हे माणसाचे आणि जनावराचेही शेवटचे आसरे होते. शिकाऱ्याला त्यात फायदा होता: उन्हाळ्याच्या अखेरीस सांबर, नीलगाय, गवा पाण्यावर येणारच, वाट बघणे तेवढे उरते.

याच संदर्भात सालेकसा तालुक्यातील कचारगडचे नाव येते. दरेकसा रेल्वे स्थानकापासून डोंगरात गेले की ही विस्तीर्ण नैसर्गिक गुहा लागते. हाजरा धबधबा याच भागातला. जिल्ह्याच्या परिचयपर माहितीत येथे अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडल्याचा उल्लेख असतो आणि गुहेच्या वयाचे मोठमोठे आकडेही दिले जातात. गुहेचे वय आणि गुहेतील वस्तीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडक झिजून पोकळी झाली ती माणसाच्या कितीतरी आधी. माणूस तेथे केव्हा राहिला हे सांगायला तळातील मातीचे थर एकेक करून उकलावे लागतात, त्यांतील कोळशाचा काळ ठरवावा लागतो. तरी जागेचे गुण पाहिले तर आसरा म्हणून ती निवडली जाणे स्वाभाविक आहे: पावसापासून निवारा, जवळ झरे, आणि भोवती हत्यारांना लागणारा दगड. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथे अशाच आसऱ्यांत हजारो वर्षे वस्ती झाली. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांच्या नजरेस पडलेल्या त्या गुहांच्या भिंतींवर शिकार, नाच, मध काढणे आणि जनावरांचे कळप रंगवलेले आहेत.

कचारगड गोंड समाजासाठी आदितीर्थ आहे. माघ पौर्णिमेला महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथून भाविक येतात. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या पूर्वजांना लिंगोने सोडवले आणि त्यांची गोत्रे लावून दिली, ही कथा या जागेशी जोडली जाते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत टिपून घेतले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी ते प्रसिद्ध केले. त्या कथेत अग्नी मिळवणे, रान तोडून शेत करणे, पीक खाणाऱ्या हरणांचा बंदोबस्त करणे असे प्रसंग येतात. ही कथा अश्मयुगाची आठवण आहे असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात शेती आहे, कुऱ्हाड आहे. ती एका समाजाची स्वतःच्या घडणीविषयीची समज आहे आणि तेवढ्यानेच ती मोलाची ठरते.

सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ओसरले. पाऊस परतला आणि पुढची काही हजार वर्षे तो आजच्यापेक्षाही चांगला होता. रान पुन्हा दाट झाले. मोठे कळप कमी झाले, चितळ, भेकर, रानडुक्कर, ससा, मोर यांच्यावर भिस्त आली. धनुष्यबाण हे या काळाचे हत्यार. पण पोट भरायला शिकारीहून भरवशाचे होते ते रानातले अन्न. झाडीपट्टीत आजही वर्षाचे चक्र त्यावर मोजता येते: फाल्गुन-चैत्रात मोहफुले, मग टेंभरं आणि चार, वैशाख-ज्येष्ठात मोहाची टोरी, पाऊस पडला की सात्या आणि बांबूचे वास्ते, नाल्यांत चढणीचे मासे, थंडीत कंद आणि आवळे. मध्याश्मयुगीन माणसाचे रोजचे जेवण काय होते याचा अंदाज बांधायचा तर हे चक्र उपयोगी पडते. त्यावरून आजच्या गोंड, हलबा किंवा ढिवर लोकांना अश्मयुगाचे अवशेष समजणे मात्र सपशेल चूक आहे. गोंडांची गढा-मंडला, देवगड आणि चांदा अशी राज्ये होती, किल्ले होते, नाणी होती. रानातले अन्न गोळा करणे ही त्यांच्या अर्थव्यवस्थेची एक बाजू होती, मागासपणाची खूण नव्हे.

चारेक हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा घटला. लोणार सरोवराच्या तळगाळाच्या अभ्यासात त्या कोरड्या काळाची स्पष्ट नोंद आहे. पश्चिम महाराष्ट्रात तेव्हा काळ्या मातीत ताम्रपाषाण गावे वसली होती. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव इ. स. पू. १६०० ते ७०० असे नांदले आणि त्याच्या शेवटच्या काळात, हवा आणखी कोरडी झाल्यावर, चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा जनावरांवर आणि शिकारीवर भर वाढला. झाडीपट्टीत अशी ताम्रपाषाण गावे क्वचितच दिसतात. रान इतके पुरवत होते की शेतीची घाई नव्हती, आणि दगडाच्या कुऱ्हाडीने साल्हई-सागाचे जंगल तोडणे परवडणारेही नव्हते.

ती कोंडी लोखंडाने फोडली. इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात विदर्भात महापाषाणीय संस्कृती बहरली. नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी येथे दगडी वर्तुळांखाली दफने आहेत. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले आणि घोड्यांचा साज मिळाला. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. १८६३ साली टाकळघाटची हीच वर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात वाहून गेले. विदर्भाच्या पुरातत्त्वाची सुरुवातच अशी पावसाळ्याने घेतलेल्या बळीने झाली. या वस्त्यांत भात, गहू, जव, मसूर पिकत होते. पूर्वेकडे, भंडारा-चंद्रपूरच्या बाजूला, वर्तुळांऐवजी उभे दगड आणि शिळांची घरासारखी दफने दिसू लागतात. हिरापूर हे त्यातले ठळक उदाहरण. यामागे वेगळी श्रद्धा असेलही, पण एक साधे कारण दगडाचेच आहे: बेसाल्टचे गोल धोंडे वर्तुळाला सोयीचे, तर पूर्वेकडच्या खडकांच्या सपाट शिळा उभ्या करायला आणि छप्पर घालायला सोयीच्या. गडचिरोलीतील माडिया लोक मृतांसाठी दगड उभे करण्याची चाल आजही पाळतात.

लोखंडी कुऱ्हाडीने रान मोकळे होऊ लागले आणि भात या पावसाळी मुलखाचे पीक झाले. वैनगंगेकाठी पवनीला इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकात तटबंदीचे नगर आणि बौद्ध स्तूप उभे राहिले. १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात त्या स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख मिळाले. लेख आले तेथे प्रागितिहास संपतो, निदान नदीकाठी. डोंगरातल्या रानात बाण आणि कंद यांचे जगणे त्यानंतरही शतकानुशतके चालू राहिले आणि खालच्या गावांशी मध, लाख, मोह यांच्या बदल्यात मीठ-लोखंडाची देवघेव होत राहिली.

पाणी अडवण्याची पाळी त्याहून बरीच नंतर आली. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उतारावर मातीच्या पाळी घालून शेकडो तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. भोवतालच्या टेकड्यांमधील मोक्याच्या खिंडी बुजवून पावसाचे पाणी कोंडायचे आणि दिवाळीपर्यंत धानाला पुरवायचे, अशी ही योजना. पाऊस मध्येच दडी मारून बसला तरी पीक तरते आणि तळ्यात मासे व शिंगाडा उन्हाळ्यापर्यंत मिळतो. ज्या आठ कोरड्या महिन्यांमुळे गावे हलत होती ते महिने आता एकाच जागी काढता येऊ लागले. या तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने महाराष्ट्रातील सारस पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात तग धरून आहेत.